चिंचेखालची गोपनीय बैठक

“आजी, बैठक गोपनीय आहे,” शिपायाने पुन्हा दारातूनच परतवलं, तशा अनसूयाबाई तणतणत खाली आल्या. नगरपालिकेच्या आवारातली चिंच तोडायची की ठेवायची, हे आज हवामान बदल समिती ठरवणार होती. पूर्वी सभा चावडीवर व्हायची. अध्यक्षांनी जांभई दिली तरी गावाला कळायची.

चिंचेच्या सावलीत गल्लीतल्या बायका दर उन्हाळ्यासारख्या पापड लाटत होत्या. अनसूयाबाईंनीही पोळपाट ओढला. तेवढ्यात वीज गेली, वरचा एसी बंद पडला आणि घामाघूम समिती खुर्च्या उचलून सावलीत येऊन बसली.

“बाई, जरा लांब बसा. बैठक गोपनीय आहे,” मुख्याधिकारी म्हणाले.

“आम्ही सकाळपासून इथेच आहोत. आलात तुम्ही!” म्हणत अनसूयाबाईंनी रीतीप्रमाणे त्यांच्या हातावर तेलात बुडवलेली लाटी ठेवली.

साहेबांनी ती तोंडात टाकली, डोळे मिटले आणि ते शेजारच्या अभियंत्याच्या कानात काहीतरी कुजबुजले.

“आमची लाटी खाऊन कुजबुजायचं नाही! मोठ्याने सांगा, मागच्या बायकांना ऐकू येत नाही.”

“चिंच ठेवायची!” साहेब ओरडले. “आणि पुढची बैठक... कुरडया कधी आहेत, बाई?”