यादीत नाही

अनोळखी लोकांनी लिहिलेले प्रोग्राम मी कुंभारवाड्यात घरी बसून तपासते. गव्यांपासून भात राखावं तसं त्यांच्याभोवती आधी कुंपण घालते. नियम एकच, परवानगीच्या यादीत ज्याचं नाव नाही ते बंद. माझं कुंपण आजवर कुणी ओलांडलेलं नाही.

त्या दुपारच्या प्रोग्रामनं फाईल मागितली. स्क्रीनवर ओळ उमटली, ‘फाईल: परवानगी नाही.’ मग कॅमेरा मागितला, तोही मिळाला नाही. मी निवांत चहा ओतून घेतला.

पुढची ओळ आली. ‘मागचं दार: परवानगी नाही.’

तेवढ्यात परड्यातून कंद खणून आलेल्या माझ्या सासूनं, रुक्माआत्यांनी, हाक मारली.

“श्वेता, कडी काढ गं.”

“कडी लावलेलीच न्हाई, आत्या. ढकला.”

“ढकलतोयच की मी. हलंना झालंय.”

मी आतून ओढलं. दार हललं नाही. पुढच्या दाराकडं वळले, तर स्क्रीनवर त्याचंही नाव आलं होतं. प्रोग्राम बंद केला. ओळी थांबल्या नाहीत.

आत्या दार थापटत होत्या. “श्वेता, अगं ऐकतीस का, मी…”

‘रुक्मा: परवानगी नाही.’

थापटणं तिथंच थांबलं.

खाली माझं नाव उमटलं. पुढं अजून काही आलं नव्हतं.

कुंपण चोख होतं. यादीत माझंही नाव नव्हतं.