मोकळी फळी

कोपरच्या खाडीकाठी असलेल्या त्या जुन्या लाकडी बुद्धविहारात सोळा खांब होते, चार खिडक्या होत्या आणि जमिनीला एकवीस सागवानी फळ्या. १९८७ सालच्या त्या दुपारी आत आम्ही तिघंच होतो : मी, माझी सात वर्षांची बहीण हेमा आणि विहाराची चावी सांभाळणारे दामाजीकाका कोळी.

"पोरीचा हात सोरू नको," काका म्हणाले. "इथं एकटं पोर उभं करत नाय आमी."

"का हो काका?"

"का ते तुमच्या कालेजात इचार. आमी नाय करत, बस."

ते दारात जाऊन उभे राहिले.

पाय पडला की इथली फळी करकरायची आणि शेजारच्या फळीपेक्षा थोडी खाली दबायची. किती दबते, ते मला कॉलेजच्या प्रकल्पासाठी पट्टीने मोजायचं होतं. माझ्या वजनाने पाच मिलिमीटर भरले.

"हेमा, आता तू इथे उभी राहा. हलू नकोस हां."

मी तिचा हात सोडला, गुडघ्यांवर बसलो आणि दोन्ही हातांनी पट्टी धरली. तिच्या फळीचे दोन मिलिमीटर भरले.

तेवढ्यात तिच्या पलीकडची फळी सावकाश करकरली. काका दारातच होते.

"दादा," हेमा माझ्याकडे न बघता म्हणाली, "इतका घट्ट नको ना धरूस हात."

तिचा डावा हात खांद्याच्या उंचीपर्यंत वर गेला होता. पलीकडच्या फळीवर कोणीच नव्हतं.

मी तिथे पट्टी टेकवली. नऊ मिलिमीटर.