शेवटचा टाका

आमच्या विनाशिकेनं उभ्या नोकरीत शत्रूची एक होडीही बुडवली नाही. तिचा बॉयलर मात्र तिसऱ्यांदा फुटला आणि भट्टीत कोळसा टाकणारा ॲम्ब्रोज गेला. समुद्रात सोडण्याआधी त्याला त्याच्याच झोपायच्या झोळीत शिवायला त्याचा थोरला भाऊ पॅस्को बसला. आरमाराचा रिवाज असा, की शेवटचा टाका नाकातून घालायचा. माणूस जिवंत असेल तर ओरडतो. ॲम्ब्रोज तर चहा गार मिळाला तरी आचाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पॅस्कोनं सुई आरपार नेली आणि वाट पाहिली. “दे की शिवी, गाढवा,” तो पुटपुटला. “आईला सांगणार नाही.” प्रार्थनेचं पुस्तक उघडून कप्तान उभे होते. पॅस्कोनं टाका उसवला. “नीट बसला नाही, साहेब. पुन्हा घालतो.” टाका चांगला बसला होता, सगळ्यांना दिसत होतं. कप्तानांनी पुस्तक मिटलं. “घाल,” म्हणाले. “घाई नाही.”