झील

मुळा नदीकाठच्या नव्या संगीत केंद्राचं उद्घाटन संध्याकाळी होतं, म्हणून निरंजनसर दुपारीच रिकाम्या सभागृहात तालमीला उभे राहिले. राणी खुर्च्या पुसत होती.

सरांनी धरलेलं भातलावणीचं गाणं तिच्या आईचं, फुलाबाईचं होतं. सर वस्तीवर येऊन, चहा पिऊन, ते टिपून घेऊन गेले होते. बाहेरच्या फलकावर मात्र गीत आणि संगीत, दोन्हींपुढे नाव सरांचंच होतं.

सरांची पहिली ओळ संपली आणि मागच्या रांगेतून कुणीतरी तिची झील धरली, ओळीचे शेवटचे शब्द मागून ओढले.

"राणी, मध्ये गाऊ नकोस."

"मी न्हाई, सर. माझं तोंड मिटल्यालं हाय."

आवाज तिने ओळखला होता. आईला जाऊन दोन पावसाळे झाले होते.

"सर, आज लोकांपुढं तिचं नाव सांगा."

"अगं, लोकगीताला कुठे मालक असतो?"

"मग फलकावर तुमचं कसं?"

सर हसले आणि पुन्हा गायला लागले. आता आवाज मधल्या रांगेतून आला, त्यांची ओळ संपायच्या आत. मग अगदी पुढून, त्यांच्या तोंडाबरोबर. सरांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, ओठ हलत होते, आणि सभागृहात एकटी फुलाबाई गात होती.

झील कुणी धरली नाही की गाणं तिथंच मोडतं, हेही सरांनी वस्तीवरच टिपून घेतलं होतं. त्यांनी राणीपुढे हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं, 'नको' म्हणून मान हलवली.

ओळ संपली.

राणीनं फडकं खाली ठेवलं, पदर खोचला आणि मोकळ्या गळ्यानं झील धरली.