कुणाला मानता?

"तुम्ही सगळ्यात जास्त कुणाला मानता?" दारात उभ्या सर्व्हेवाल्या ताईनं टॅबवर बोट ठेवून विचारलं.

"आमच्या मठातल्या महाराजांना!" पप्पा फटकन बोलले.

वैजूचं डोकंच फिरलं. याच महाराजांनी तिच्या धाकट्या भावाचं, ओम्याचं इन्सुलिन सोडायला लावून अंगारा दिला होता. ओम्या गेला. उरलेली बाटली अजून फ्रिजच्या दारात, लोणच्याशेजारी होती. वैजूनं ती काढून ताईपुढं नाचवली.

"हे लिहा! आई, तू तरी खरं सांग की!"

आईनं तिच्या हातातून बाटली घेतली, पदरानं पुसली, परत जागेवर ठेवली.

"महाराजच लिहा, ताई."

ताई गेल्यावर वैजू किंचाळली, "एवढी कुणाला भितेस गं?"

आई फ्रिजकडंच बघत होती.

"ते खोटे निघाले, तर ओम्याची सुई कुणी बंद केली? मीच ना?"