पंखांमधली सुई
बाबा गेल्यावर त्यांच्या पेटीत पितळी बिल्ला सापडला: मधे उघडलेलं पॅराशूट, दोन्हीकडे पंख. “लष्करात शिंपीकाम करायचा तो,” आत्या म्हणाली. “शिडीवर चढला तरी पाय लटपटायचे. कुणाचा तरी ढापला असणार.” लेकीला ते झोंबलं. ती तडक जुन्या पदकांच्या दुकानात गेली. म्हाताऱ्या दुकानदारानं भिंगाखाली बिल्ला धरला. पॅराशूटच्या दोऱ्यांमध्ये बारीक सुई कोरलेली होती. तो सावरून बसला. “पॅराशूट शिवून त्याच्या घड्या घालणाऱ्यांचा हा. आपण घडी घातलेलं पॅराशूट बांधून स्वतःच विमानातून उडी मारल्याशिवाय मिळायचा नाही.” तिला चादरी आठवल्या. इतरांनी घातलेली प्रत्येक घडी बाबा मोडून पुन्हा घालायचे आणि सगळं घर त्यांची टर उडवायचं. दुकानदारानं बिल्ला रुमालात गुंडाळून दिला. तिनं रुमाल उलगडला, टोकाला टोक जुळवलं आणि पुन्हा नीट घडी घातली.