बाप्यांचं काम

“कोर्बीकाका, चाबूक मिशांनी वाजवतात का?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून जत्रेतल्या बिअरच्या तंबूत मी, बँडच्या तालावर चाबकाचे फटके वाजवणाऱ्या गावच्या चाबूकपथकाच्या म्होरक्याला विचारलंच. सगळी बाकं हसली. काकांनी मिशीवरचा फेस पुसला. “पोरींनी घागरे फुलवून गिरक्या घ्याव्यात, बुर्गी. चाबूक बाप्यांचं काम.” “आज तुमचा एक गडी आजारी आहे, मला घ्या. बाबांना विचारा, त्यांनीच शिकवलंय.” बाबाही पथकातलेच. मगमध्ये बघत ते म्हणाले, “खेळते गोठ्यामागे कधीतरी.” खेळते? माझं डोकंच फिरलं. त्यांचा चाबूक उचलून मी मंचावर चढले. बँड थांबेपर्यंत माझा एकही फटका तालाबाहेर पडला नाही. तंबू टाळ्यांनी दणाणला. “छान,” काका म्हणाले, “आता चाबूक बाबांना दे.” आई कुजबुजली, “बस खाली.” “बसते. पण पलीकडच्या गावात मुलींनाही घेतात. रविवारच्या स्पर्धेत मी त्यांच्याकडून उतरणार, बाबा. तुमच्याविरुद्ध.”